दोन बादल्या, एक गाडी: सहकार्याचं मानसशास्त्र वॉर्ड ऑफिसच्या कामाचं कसं?

चाळीस घरांची सोसायटी. सेक्रेटरींनी तीन मीटिंगा घेतल्या, एक हिरवं आणि एक निळं पिंप आणून जिन्याखाली ठेवलं. पहिल्या पंधरवड्यात तीस-बत्तीस घरांतून ओला कचरा वेगळा, सुका वेगळा, असा नीट खाली येऊ लागतो. मग एका सकाळी दुसऱ्या मजल्यावरच्या काकू दुधाची पिशवी घ्यायला उतरतात आणि बघतात, तर गाडी आलेली, कामगाराने दोन्ही पिंपं उचलली आणि एकाच तोंडात उलटी केली. दुपारपर्यंत बातमी चारही मजल्यांवर. महिन्याभरात कचरा वेगळा करणारी घरं उरतात पाच-सहा, तीही सवयीने.

मुंबईत हे गल्लोगल्ली घडतं, आणि त्यावरचा उपायही ठरलेला असतो: जनजागृती. फ्लेक्स, पथनाट्य, शाळेत चित्रकला स्पर्धा. म्हणजे लोकांना माहीत नाही असं धरून चालायचं. काकूंना सगळं माहीत होतं, नारळाची करवंटी कुठल्या पिंपात जाते तेसुद्धा. आपण एकट्याच वेड्या ठरतोय हे डोळ्यांनी दिसलं, म्हणून त्यांनी सोडलं.

(एक खुलासा आधीच. महाराष्ट्रात ‘सहकार’ म्हटलं की साखर कारखाना, पतपेढी आणि पॅनेलची निवडणूक डोळ्यांपुढे येते. इथे विषय तो नाही. जे केल्याने सगळ्यांचं भलं होतं पण करणाऱ्याला थोडी झळ बसते, ते करणं म्हणजे इथलं सहकार्य.)

चौघांचा डबा

मानसशास्त्रज्ञ आणि अर्थतज्ज्ञ हे तपासायला एक साधा खेळ वापरतात. चार जण, एकमेकांना न दिसणारे. प्रत्येकाकडे २० रुपये. हवे तेवढे मधल्या डब्यात टाकायचे, उरलेले खिशात. डब्यातल्या प्रत्येक रुपयामागे चौघांनाही ४०-४० पैसे मिळतात, मग तो कुणीही टाकलेला असो. चौघांनी २०-२० टाकले तर डब्यात ८० जमतात आणि प्रत्येकाच्या हाती ३२ येतात. पण एकाने स्वतःचे २० दाबून ठेवले आणि तिघांनी टाकले, तर तिघांना २४-२४ आणि त्या एकाला २० अधिक २४, म्हणजे ४४. चौघांनीही हात आखडला तर सगळे होते तिथेच, २० वर.

हिशोबी माणसाने पहिल्या डावापासून काहीच टाकू नये. प्रत्यक्षात लोक सुरुवातीला साधारण निम्मे पैसे टाकतात. पुढे डावागणिक आकडा उतरत जातो आणि दहाव्या डावाच्या आसपास बरेच जण काहीच टाकत नाहीत. सोसायटीतल्या पिंपांची गोष्ट हीच आहे.

उतार का लागतो, याचं उत्तर २००१ साली झुरिकमधल्या एका अभ्यासाने दिलं. फिशबाखर, गेख्टर आणि फेर यांनी ४४ विद्यार्थ्यांना विचारलं: इतरांनी सरासरी इतके टाकले तर तुम्ही किती टाकाल? साधारण निम्म्या लोकांचं उत्तर ‘ते जितके टाकतील त्या प्रमाणात मी’ असं होतं. सुमारे ३० टक्के मात्र काहीही झालं तरी शून्यच टाकणारे निघाले. निम्म्यांना आपण ‘तुम्ही तर आम्ही’ गट म्हणू. हा गट इतरांपेक्षा किंचित कमीच टाकतो. त्यामुळे पुढच्या डावात सरासरी थोडी खाली येते, ती बघून ते आणखी थोडं कमी टाकतात, आणि कुणीही मुद्दाम वाईट न वागता डबा रिकामा होतो.

अभ्यास लहान होता. पण प्रशासनासाठी यातून एक गोष्ट पक्की घ्यावी: आपली खरी मंडळी ही मधली निम्मी. जे काहीही झालं तरी करतात त्यांना फ्लेक्सची गरज नाही, जे करणारच नाहीत त्यांच्यावर त्याचा परिणाम नाही. मधल्यांना फक्त एवढंच बघायचं असतं की बाकीचे करतायत का. आणि ‘बाकीच्यांत’ वॉर्ड ऑफिसही येतं. गाडी हा त्या खेळातला पाचवा गडी आहे, आणि तो काय टाकतो हे सगळ्यांना दिसतं.

चौथी सीट

कायदा नसताना सहकार्य कसं टिकतं हे बघायला मुंबईकराला झुरिकला जायला नको. लोकलच्या सेकंड क्लासमध्ये तिघांच्या बाकावर चौथा बसतो. ‘जरा सरकून घ्या’ म्हटलं की तिघं सरकतात, चौथा अर्धा बाकावर अर्धा हवेत. रेल्वेच्या कुठल्या नियमात हे नाही. लेडीज डब्यात तर याहून पुढची व्यवस्था आहे: ‘कुठे उतरणार?’ ‘घाटकोपर.’ ‘मग ती सीट माझी हं.’ त्या क्षणापासून ती सीट बुक. मधे चढलेल्या बाईने ती घेतली तर अख्खा डबा साक्षीदार.

हे टिकतं ते चांगुलपणावर कमी आणि उद्याच्या भेटीवर जास्त. रोज ८:१२, रोज तोच डबा, तेच चेहरे. आज मी सरकलो नाही तर उद्या माझ्यासाठी कुणी सरकणार नाही. त्याच गाडीच्या फर्स्ट क्लासमध्ये मात्र चौथी सीट सहसा मिळत नाही. विचारणाऱ्याकडेच लोक वळून बघतात. बाकाची लांबी थोडी कमीजास्त असेल, पण खरा फरक अपेक्षेचा आहे. इथे सगळे काय करतात, हे चढल्या चढल्या कळतं आणि माणूस तसा वागतो.

आधी गाडी

म्हणून वेगळ्या कचऱ्याची मोहीम घरांपासून सुरू करायची नसते, ती गाडीपासून करायची. नागरिकांना एक शब्दही सांगायच्या आधी दोन आठवडे फक्त गाडी, कामगार आणि वेळापत्रक यांवर घालवा.

कामगार दोन्ही कचरा का मिसळतो, हे आधी त्यालाच विचारा. उत्तरं ठरलेली मिळतात. सुक्याची वेगळी गाडी अकराला येते आणि तोवर पिंप भरून वाहतं. पिंप तसंच ठेवलं तर ‘कचरा उचलला नाही’ अशी तक्रार महापालिकेच्या १९१६ या हेल्पलाइनवर जाते. ‘कचरा मिसळला’ अशी तक्रार कुणी करत नाही. शिवाय कंत्राटाचं बिल वजनावर किंवा फेऱ्यांवर निघत असेल, तर वेगळं ठेवण्याने त्याचा तोटाच होतो. तो त्याच्या जागी बरोबर वागतोय. चूक मोजण्याच्या पद्धतीत आहे.

कॉम्पॅक्टरमध्ये, म्हणजे कचरा दाबून भरणाऱ्या गाडीत, एकदा मिसळलेलं परत वेगळं होत नाही, हेही लक्षात घ्या. दाब पडला की ओल्यातलं पाणी कागदात-पुठ्ठ्यात मुरतं, आणि भिजलेल्या पुठ्ठ्याला भंगारवाला हात लावत नाही. त्यामुळे ‘पुढे केंद्रावर वेगळा करतात’ हे स्पष्टीकरण लोकांना देऊ नये. ते खरंही ठरत नाही आणि काकूंना पटतही नाही.

आठ-दहा इमारतींची एकच गल्ली निवडा, अख्खा वॉर्ड नको. वॉर्ड निवडला की पहिल्या महिन्यात वीस टक्के यश येतं, आणि ते पाहून ‘तुम्ही तर आम्ही’ गट घरी बसतो. एका गल्लीत सत्तर टक्के आलं तर शेजारची गल्ली विचारायला येते. सुक्याची गाडी रोज शक्य नसेल तर आठवड्यातले दोन वार ठरवा आणि ते मोडू नका. ओल्याच्या गाडीने सुकं पिंप उचलायचंच नाही, भरून वाहिलं तरी. मुकादमाला हा एक आदेश लेखी द्या आणि त्यामुळे आलेली ‘उचललं नाही’ ही तक्रार त्याच्या नावावर मोजू नका. दुसरी अट पाळली नाही तर पहिली चार दिवस टिकते.

फलकावर कुठला आकडा लिहायचा

गाडी रुळली की लोकांना एकमेकांचं दिसलं पाहिजे. रोज सकाळी प्रत्येक इमारतीच्या दहा बादल्या डोळे मिटून निवडायच्या, झाकण उघडायचं, नीट वेगळ्या किती ते मोजायचं. दहा मिनिटांचं काम. आठवड्याचा आकडा लिफ्टजवळच्या फळ्यावर.

इथे एक फसगत होते. ॲरिझोनातल्या पेट्रिफाइड फॉरेस्ट या राष्ट्रीय उद्यानात लोक दगड झालेल्या लाकडाचे तुकडे खिशात घालून नेतात. रॉबर्ट चिआल्डिनी आणि सहकाऱ्यांनी तिथे वेगवेगळ्या पाट्या लावून बघितल्या. ‘अनेक पर्यटकांनी तुकडे नेल्यामुळे उद्यानाची हानी झाली आहे’ या पाटीपाशी मुद्दाम ठेवलेल्या तुकड्यांपैकी सुमारे ८ टक्के गायब झाले. ‘कृपया तुकडे नेऊ नका’ एवढंच म्हणणाऱ्या पाटीपाशी २ टक्क्यांहूनही कमी. पहिल्या पाटीने दोन गोष्टी सांगितल्या: हे वाईट आहे, आणि सगळे करतात. लोकांनी दुसरी ऐकली.

आपल्याकडच्या फलकांची भाषा आठवून बघा. ‘मुंबईकरांनो, किती घाण करणार?’ ‘या ठिकाणी लोक सर्रास कचरा टाकतात.’ हा दगड आपणच आपल्या पायावर पाडतो.

तेव्हा दहापैकी तीनच बादल्या नीट असतील तर तो आकडा फळ्यावर लिहू नका. त्याऐवजी वाढ लिहा: ‘मागच्या आठवड्यात दोन, या आठवड्यात तीन.’ पाचाच्या पुढे गेल्यावर सरळ ‘दहापैकी सहा घरं’ लिहा. खोटा आकडा कधीच लिहू नका. सोसायटीत कुणाच्या घरी काय चालतं ते सगळ्यांना माहीत असतं आणि एकदा खोटं पकडलं की फळा संपला.

दुसरी फसगत बारीक आहे. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या, कॅलिफोर्नियातल्या सॅन मार्कोस गावच्या अभ्यासात घराघरांना त्यांचा आणि शेजारपाजारचा वीजवापर कळवला. जास्त वापरणारे खाली आले, पण कमी वापरणारे वर गेले: ‘अरे, आपणच काटकसर करतोय की!’ त्यांच्या पत्रकावर नुसता एक हसरा चेहरा काढला, तर ती वाढ थांबली. सर्वांत चांगल्या इमारतीच्या फळ्यावर मुकादमाने सहीनिशी ‘उत्तम’ लिहिणं हे पोरकट वाटेल, पण काम करतं.

दंड

महापालिकेच्या २००६ च्या स्वच्छता उपविधींत थुंकण्याला, कचरा टाकण्याला २०० रुपये दंड ठरवला होता. दंड हवाच की नको, हा प्रश्न चुकीचा. तो काय सांगतो हे बघावं लागतं.

इस्रायलमधल्या हैफा शहरात दहा पाळणाघरांचा २० आठवडे अभ्यास झाला. पालक मुलांना न्यायला उशिरा यायचे. पाचव्या आठवड्यापासून सहा पाळणाघरांत दहा मिनिटांहून जास्त उशिराला १० शेकेल दंड लावला. उशिरा येणारे कमी झाले नाहीत, जवळपास दुप्पट झाले. आधी शिक्षिकेला थांबावं लागतं याची लाज वाटायची, आता उशिराला दर मिळाला. सतराव्या आठवड्यात दंड काढला, तरी उशीर खाली आला नाही. एकदा लाजेचं भाडं झालं की भाड्याची लाज परत होत नाही. नीझी आणि रुस्तिचिनी यांचा हा निबंध २००० सालचा, आणि दंड ठरवणाऱ्या प्रत्येक समितीने तो वाचावा असं माझं मत आहे. जिथे दंडातला वाटा कंत्राटदाराला मिळतो तिथे तर लोकांच्या मनात दंडाचा अर्थ ‘वसुली’ एवढाच राहतो.

उलट बाजूही खरी आहे. २००२ च्या एका प्रयोगात डब्याच्या खेळातल्या खेळाडूंना मुभा दिली: स्वतःचा १ खर्च करून फुकट्याचे ३ कापा. लोकांनी पदरमोड करून कापले, आणि डबा भरू लागला. पण २००८ मध्ये हाच खेळ १६ शहरांत खेळवला तेव्हा काही ठिकाणी वेगळंच झालं: शिक्षा झालेल्यांनी उलटून चांगलं टाकणाऱ्यांनाच शिक्षा केली. ज्या समाजांत कायद्यावरचा विश्वास कमी, तिथे हे जास्त. त्या १६ शहरांत भारतातलं एकही नव्हतं, पण सोसायटीचा नोटीस बोर्ड ज्याने पाहिलाय त्याला हे ओळखीचं वाटेल. ‘कचरा वेगळा न करणारे: ३०२’ असं लिहिलं, की आठ दिवसांत ३०२ वाल्यांकडून सेक्रेटरींच्या पार्किंगबद्दल उपनिबंधकांकडे अर्ज.

म्हणून पायरीपायरीने जावं. पहिल्या वेळी बादली तशीच ठेवायची आणि वर चिठ्ठी: काय चुकलं, उद्या काय करायचं. दुसऱ्या वेळी मुकादमाने दार वाजवून बोलायचं. चारचौघांत नाही, जिन्यात नाही, दारात. तिसऱ्या वेळी लेखी सूचना, आणि तिच्यात म्हणणं मांडायला जागा. दंड चौथ्या वेळी. बऱ्याच घरांचा प्रश्न दुसऱ्या पायरीवर सुटतो, कारण तिथे कळतं की घरात आजी एकटीच असते आणि तिला पिशव्यांचे रंग दिसत नाहीत.

सगळ्यांना एकत्र शिक्षा, हा मोह मात्र टाळावा. २०२० च्या सुरुवातीला मुंबई पोलिसांचा ‘पनिशिंग सिग्नल’ गाजला: आवाज ८५ डेसिबलवर गेला की लाल दिव्याचे सेकंद पुन्हा पहिल्यापासून. विनोद म्हणून आणि प्रसिद्धी म्हणून फक्कड. रोजची पद्धत म्हणून कच्ची, कारण हॉर्न कुणी वाजवला ते मागच्या चाळीस गाड्यांना कळत नाही, कळलं तरी त्याला आवरता येत नाही, आणि उद्या ते चाळीस जण पुन्हा भेटणार नाहीत. गप्प बसलेल्यालाही तीच शिक्षा मिळाली, की पुढच्या वेळी तोही बोट हॉर्नवर ठेवतो.

वस्तीतलं शौचालय

सामूहिक गोष्ट एकतर सरकारने सांभाळावी नाहीतर खासगीकडे द्यावी, तिसरा मार्ग नाही, असं बरीच वर्षं मानलं जायचं. एलिनॉर ऑस्ट्रम यांनी जगभरची कुरणं, कालवे, मच्छीमारीची पाणी तपासून १९९० मध्ये दाखवलं की लोक स्वतः नियम करून शतकानुशतकं सांभाळतात. त्यांना २००९ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. टिकलेल्या व्यवस्थांत त्यांना काही समान गोष्टी दिसल्या: कोण आतलं कोण बाहेरचं ते स्पष्ट, नियम वापरणाऱ्यांनी केलेले, देखरेख करणारा वापरणाऱ्यांना उत्तर देणारा, शिक्षा हलक्यापासून चढत जाणारी, भांडण सोडवायला जवळची, स्वस्त जागा, आणि वरच्या सरकारने या सगळ्याला मान्यता दिलेली.

मुंबईत याची परीक्षा वस्ती स्वच्छता कार्यक्रमात झाली. जागतिक बँकेच्या कर्जातून, नव्वदच्या दशकाच्या मध्यापासून. शौचालय महापालिकेने बांधायचं, चालवायचं वस्तीतल्या नोंदणीकृत संस्थेने, घरटी महिन्याच्या पासावर. एका सीटमागे ५० माणसं असा हिशोब होता.

आकडे मांडून बघू. २० सीटचा ब्लॉक म्हणजे हजार माणसं, घरी पाच धरली तर २०० घरं. पास ५० रुपये धरा: महिना १०,०००. यात केअरटेकरचा पगार, सफाईचं सामान, वीज, पाणी, मोटार, दारांच्या कड्या. भागत नाही हे उघड आहे. आता तीस टक्के घरांनी पास भरला नाही तर हाती सात हजार. मोटार जळते, पाणी वर चढत नाही, आणि पास भरणारेही म्हणतात, कशाला भरू? डब्याचा तोच उतार.

जे ब्लॉक टिकतात तिथे ऑस्ट्रम यांची यादी जवळजवळ जशीच्या तशी दिसते. बाहेरचा आणि पासवाला वेगळा ओळखू येतो. पासाचा दर वस्तीच्या बैठकीत ठरलेला असतो. जमाखर्च दारावर लिहिलेला असतो, महिन्यामहिन्याला, खडूने का होईना. हे शेवटचं सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्मीळ. जिथे तो लिहिणं थांबतं तिथे वर्षा-दोन वर्षांत संस्था एका दादाच्या खिशात गेलेली असते आणि ‘सामुदायिक’ शौचालयाचं ‘पैसे द्या, वापरा’ होऊन बसतं. वॉर्ड ऑफिसने इथे एकच काम नेमाने करावं: दर तिमाहीला तो हिशोब दारावर आहे का ते बघणं.

चर

सहकार्य नागरिकांकडूनच मागायचं आणि खात्याखात्यांत मात्र नाही, हा आपला जुना रोग. मार्चमध्ये रस्ता गुळगुळीत होतो, एप्रिलमध्ये केबलवाल्यांचा चर, मेमध्ये जलखात्याचा, आणि पावसाळ्याआधी बुजवायची घाई. प्रत्येकाचं बजेट वेगळं, कंत्राटदार वेगळा. मी थांबलो तर माझा निधी परत जातो, दुसरा थांबेलच याची खात्री नाही. मग मी आधी खणतो.

रॉबर्ट ॲक्सेलरॉड यांनी १९८० च्या सुमारास अशा पेचांची संगणकावर स्पर्धा लावली. जिंकला तो अनातोल रापोपोर्ट यांनी पाठवलेला, सर्वांत छोटा प्रोग्राम: सुरुवात चांगुलपणाने कर, मग समोरच्याने मागच्या वेळी जे केलं तेच कर. पण तो चालतो तो पुन्हा भेट होणार असेल तरच. आपल्याकडे राज्य सरकारी अधिकाऱ्याची एका जागची मुदत २००५ च्या बदल्यांच्या कायद्याने साधारण तीन वर्षं. पालिकेतही खुर्च्या फिरतातच. ‘पुढच्या वर्षी तुमचं आधी’ असं ज्याने तोंडी सांगितलं तो पुढच्या वर्षी दुसऱ्या वॉर्डात. म्हणून शब्द माणसाचा न ठेवता खुर्चीचा करावा लागतो: रस्त्यानिहाय एक वही, कुणी कुणासाठी कधी थांबलं याची नोंद, दोन्ही सह्या, आणि पदभार सोपवताना ती वही यादीत. संयुक्त पाहणी दर महिन्याला त्याच वारी, त्याच लोकांची. काम नसलं तरी, चहापुरती का होईना. ८:१२ च्या डब्याचं तत्त्व.

जशास तसं वागण्यात एक खोट आहे. एखादी चूक झाली, जाणूनबुजून नसली, तरी प्रत्युत्तरांची साखळी सुरू होते आणि थांबत नाही. कचऱ्याच्या गाडीबाबत ही वेळ दर पावसाळ्यात येते. पाणी तुंबतं, गाडी अडकते, सुक्याचा वार चुकतो. तेव्हा गाडी येणार नाही हे कळल्या कळल्या, सकाळी आठच्या आत, सेक्रेटरींच्या व्हॉट्सॲपवर मेसेज जायला हवा. तीन गोष्टी पुरतात: का, पुन्हा कधी, तोवर काय करायचं. ‘पाणी तुंबल्याने आज सुक्याची गाडी नाही. परवा सकाळी नऊला येईल. सुका घरातच ठेवा, ओल्याच्या गाडीत टाकू नका.’ खाली मुकादमाचं नाव. सुका कचरा दोन दिवसांत सडत नाही; परवा नऊला गाडी यायला मात्र हवी.